पाहुणे येणार होते

बेल वाजली तेव्हा मी आक्कांच्या पलंगाशी वाकून त्यांचा श्वास ऐकत होते. श्वास संथ चालला होता. तोंड जरासं उघडं, ओठांच्या कडेला लाळ. मी ती पुसली, पांघरूण छातीपर्यंत ओढलं आणि खोलीचं दार हलकेच लोटून बाहेर आले. दिवाणखान्यातल्या घड्याळात तीन वाजत आले होते. जाता जाता आरशात पाहिलं. परटाकडून आलेली वहिनींची जांभळी रेशमी साडी, आक्कांच्या उशाशी असलेल्या डबीतल्या मोत्यांच्या कुड्या, केसांत शेवंती. आरशातली मुलगी मगदुमांच्या घरातली वाटत होती.

दार उघडलं. पायऱ्यांवर जयवंत उभा होता. पांढरा शर्ट, केस पाणी लावून बसवलेले. त्याच्यामागं चाळिशीचा एक थोराड माणूस, हातात रेक्झिनची रिकामी बॅग.

"हे आमचे मेहुणे, शामराव," जयवंत म्हणाला. "आमच्यात मोठं माणूस म्हणजे हेच."

"या ना," मी म्हणाले.

मेहुण्यांनी नमस्कार केला नाही. माझ्या खांद्यावरून आत पाहिलं आणि चपला न काढता उंबरा ओलांडला. मला ते खटकलं. पण मुलगी बघायला आलेल्या माणसाला काय बोलणार!

ही त्र्याण्णव सालच्या डिसेंबरातली गोष्ट. मी, शालन कोळेकर, तेव्हा बावीस वर्षांची होते. आमचं गाव कवठेमहांकाळच्या पलीकडं. बाप मेंढरं राखायचा. नववीपर्यंत शिकून मी मिरजेला एका दवाखान्यात आयाचं काम शिकले आणि तिथल्या सिस्टरच्या ओळखीनं सांगलीत, विश्रामबागेतल्या मगदुमांच्या बंगल्यावर राहायला आले. मगदूम हळदीचे व्यापारी; ते दादा, त्यांची बायको वहिनी. दादांच्या आईंना सगळे आक्का म्हणायचे. त्यांना अर्धांगाचा झटका आलेला. डावी बाजू गेलेली, वाचा गेलेली, समजायचं मात्र सगळं. त्यांना उठवणं, पुसणं, भरवणं, वेळच्या वेळी औषध देणं हे माझं काम. मागच्या अंगणाकडची एक लहान खोली मला दिलेली होती.

औषधं आणायला मी चौकातल्या मेडिकलमध्ये जायची. काउंटरवर जयवंत असायचा. पाकिटावर सुरेख अक्षरात 'सकाळी', 'दुपारी', 'रात्री' असं लिहून द्यायचा. एके दिवशी पाकीट पुढं करताना त्यानं विचारलं, "आईंना आता कसं आहे?"

त्या दिवशी माझ्या अंगावर वहिनींनी टाकून दिलेली, पण चांगली भारी साडी होती. त्याला वाटलं, घरातली मुलगीच औषधाला आली. 'आई नव्हेत त्या, मी त्यांच्याकडं कामाला आहे,' एवढं सांगायला कितीसा वेळ लागला असता? मी म्हणाले, "बरं आहे."

पुढचं होतच गेलं. त्यानं शिक्षण विचारलं, मी बी. ए. झाल्याचं सांगितलं. त्यानं भावाबद्दल विचारलं, मी दादांच्या हळदीच्या गोदामाबद्दल असं बोलले की जणू मी तिथं खेळतच मोठी झाले. तो भडंगाची पुडी आणून ठेवायचा आणि कुणी नाही असं बघून माझ्या पिशवीत टाकायचा. कमी बोलायचा. बोलताना कान लाल व्हायचे. घरी आल्यावर आक्कांच्या पायांना तेल चोळता चोळता मी उद्याचं खोटं जुळवत बसायची. आक्का माझ्याकडं बघत असायच्या. त्यांना वाटत असेल, पोरगी कुठल्या तंद्रीत आहे.

चार महिन्यांनी तो म्हणाला, "घरी कधी येऊ विचारायला?"

दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. नाही म्हणावं तर तो जाणार, ये म्हणावं तर सगळं उघडं पडणार. तेवढ्यात दादा, वहिनी आणि मुलं श्रवणबेळगोळला निघाली. चार दिवस घरात आक्का आणि मी. स्वयंपाकाच्या काकू सकाळी येऊन दुपारी एक वाजता जायच्या. मी जयवंतला म्हणाले, "घरचे नाहीत, पण गुरुवारी दुपारी या. आधी तुमची माणसं मला बघू देत. मग दादांना मी सांगेन."

एकदा त्याच्या माणसांनी होकार दिला, की मग खरं सांगू, असं मी ठरवलं होतं. कसं सांगू, ते ठरवलं नव्हतं.

तर त्या गुरुवारी मेहुणे सोफ्यावर ऐसपैस बसले. जयवंत कडेला, टेकायचं की नाही अशा बेतानं. मी चहा आणि चिरोट्यांच्या बशा आणल्या. बशीत कप वाजू नये म्हणून ट्रे दोन्ही हातांनी धरला होता.

"घरात कोण कोण असतंय?" मेहुण्यांनी विचारलं.

"आई असते. दादा-वहिनी गावाला गेलेत."

"कवा येणार?"

"शनिवारी."

"राखणदार?"

"रात्रीचा येतो."

"कुत्रं न्हाई पाळलेलं?"

मला हसू आलं. मुलगी बघताना स्वयंपाक विचारतात, शिवण विचारतात. "नाही," मी म्हणाले. "आईला आवाज सहन होत नाही."

"शेजारी कोण ऱ्हातंय?"

"रिटायर्ड हेडमास्तर आहेत. कुरुंदवाडे सर. एकटेच असतात."

मेहुणे उठले. भिंतीवरचे फोटो बघत बघत खिडकीशी गेले आणि पडदा ओढला.

"ऊन येतंय," ते म्हणाले.

त्या खिडकीला सकाळीच काय ते ऊन असायचं. मी पडद्याकडं बघत राहिले. जयवंतकडं पाहिलं. तो गालिच्याकडं बघत होता. चिरोटा त्याच्या हातात तसाच होता.

मेहुण्यांनी पुढच्या दाराला आतून कडी घातली. येता येता फोनपाशी थांबले, वायर हाताला गुंडाळली आणि हिसडा दिला. मग माझ्यासमोर येऊन अगदी साध्या आवाजात म्हणाले, "बरं, आता किल्ल्या आण."

"कसल्या किल्ल्या?"

"कपाटाच्या. ओरडायचं काम न्हाई. ओरडलीस तर म्हातारीचं काय खरं न्हाई."

मला वाटलं, हे चेष्टा करतायत. बघायला येतात तेव्हा मुलीची परीक्षा घेतात, तसलं काहीतरी. मी जयवंतकडं बघून हसले सुद्धा. ते हसू आठवलं की आजही अंगावर काटा येतो.

"जयवंत, अहो, हे काय म्हणतायत?"

"द्या किल्ल्या," तो म्हणाला. वर न बघता. "लवकर द्या, म्हणजे जातो आम्ही."

बोलायला गेले तर नुसती हवा बाहेर आली. मेहुण्यानं माझा दंड धरला. त्याची बोटं रेशमातून हाडापर्यंत पोचली.

"माझ्याकडं किल्ल्या नसतात," मी कशीबशी म्हणाले. "मी... मी इथं कामाला आहे."

"काय?"

"मी आया आहे इथली. आक्कांचं करते. ही साडी माझी नाही. देवाशपथ सांगते, मी या घरातली नाही."

मेहुणा हसला. जोरात नाही, नाकातून. "बघ की रं, जया. किल्ली मागितली की मगदुमाची ल्येक मोलकरीण झाली!"

"खरंच सांगते हो! माझं नाव कोळेकर आहे. माझा बाप मेंढरं राखतो. मला बी. ए. फी. ए. काही येत नाही, नववी झालीय माझी."

"गप!" त्यानं माझ्या तोंडावर हात दाबला. तंबाखूचा वास आला. "चार म्हैनं तू ह्याला सांगतीस, दादाचं गोदाम, दादाची गाडी. आता आमाला शिकवतीस व्हय?"

चार महिने मी एकेक खोटं बोलले होते आणि एकही जयवंतनं नाकारलं नव्हतं. आज पहिल्यांदा खरं बोलत होते, तर ते कुणी घेईना. मला कळलं, किल्ल्या कुठं आहेत हे मी सांगत नाही असंच हा माणूस समजणार. आणि मग ते काढून घेण्यासाठी काय करेल?

"माझी खोली बघा," मी त्याच्या बोटांमधून म्हणाले. "मागं. ट्रंक बघा माझी."

त्यानं मला धरूनच ठेवलं आणि जयवंतला हुकूम सोडला. जयवंत मागं गेला. पत्र्याच्या ट्रंकेचं झाकण वाजलेलं मला ऐकू आलं. मग बराच वेळ काही नाही. तो परत आला तेव्हा त्याच्या हातात माझी पांढरी साडी होती, दवाखान्यात नेसायची, काठाला हळदीचा पिवळा डाग पडलेली. दुसऱ्या हातात आईबापाचा फोटो, जत्रेत काढलेला. बाप डोक्याला पटका बांधून, खांद्यावर घोंगडं टाकून ताठ उभा.

"खरं बोलतीय ही," जयवंत म्हणाला.

आणि त्यानं माझ्याकडं पाहिलं. आल्यापासून पहिल्यांदा. एक माणूस माझा दंड पिरगाळून उभा होता, आत आजारी बाई झोपलेली होती, आणि मला लाज कशाची वाटली? जयवंतनं माझ्याकडं असं पाहिलं याची. एखाद्या गिऱ्हाइकानं माल हातात घ्यावा, उलटसुलट बघावा आणि परत ठेवून द्यावा, तसं. त्या अवस्थेतही माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते त्याच्यासाठी आलं. हे मी पुढं फौजदारालाही सांगितलं नाही.

मेहुण्यानं जयवंतच्या कानशिलात ठेवून दिली. "हिच्यापायी चार म्हैनं घालवलंस? घरातली हाय का न्हाई, एवढं बी न्हाई कळलं तुला?" मग मला ढकललं. "म्हातारी कुठाय?"

"नको. आजारी आहेत त्या."

"कुठाय?"

सांगायची गरज पडली नाही. एकच दार लोटलेलं होतं.

आक्का तशाच पडल्या होत्या. त्यांच्या डाव्या हातात चार पाटल्या होत्या, जुन्या, जड. तो हात लुळा पडल्यापासून सुजलेला असायचा आणि पाटल्या मनगटाच्या वर रुतून बसल्या होत्या. मेहुण्यानं हात उचलला आणि पाटली ओढली. हात मासळीसारखा नुसता हलला. पाटली निघाली नाही. त्यानं पुन्हा ओढली, कातडी गोळा होऊन पांढरी झाली. आक्कांनी डोळे उघडले नाहीत.

"सुरी आण," तो जयवंतला म्हणाला.

"सुरी कशाला?" जयवंतचा आवाज चिरकला.

"आण म्हणतो न्हवं!"

तो पाटली कापणार होता की हात, मला माहीत नाही. सोनं सुरीनं कापत नाही एवढं मला कळत होतं.

"मी काढते," मी म्हणाले. "साबण लावून निघतात. मला सवय आहे. हात लावू नका त्यांना, मी काढते."

मी न्हाणीतून साबण आणि तांब्याभर पाणी आणलं. पलंगाच्या कडेला बसले. आक्कांचा हात मांडीवर घेतला, फेस केला, बोटं एकावर एक दुमडली आणि पाटली तसूतसूनं पुढं सरकवायला लागले. हे बोटांचं काम आहे, घाई केली की अडतं. मेहुणा डोक्यावर उभा राहून श्वास टाकत होता. पहिली निघाली. दुसरी निघाली. तिसरीला अंगठ्याच्या मुळाशी कातडी सोलली आणि फेसात रक्त आलं. तेव्हा आक्कांचे डोळे अर्धवट उघडले. त्या माझ्याकडं बघत होत्या. जांभळ्या साडीकडं, कानातल्या कुड्यांकडं, मग आपल्या हाताकडं. डोळे पुन्हा मिटले. मी चौथी पाटली काढली आणि त्या माणसाच्या हातात दिली. माझ्याच हातानं.

कानातल्या कुड्याही त्यानं ओरबाडून घेतल्या. देवघरातली चांदी बॅगेत भरल्याचा आवाज आला, कपाटाची फळी फुटल्याचा आवाज आला. मग त्यांनी आम्हा दोघींना त्या खोलीत कोंडून बाहेरून कडी लावली. मोटारसायकल सुरू होऊन लांब गेली.

मी जमिनीवर बसले होते. किती वेळ, सांगता येणार नाही. कानाच्या पाळीतून रक्त मानेवर उतरत होतं. मग उठून आक्कांना हाक मारली. "आक्का. गेले ते. आक्का." खांदा हलवला. गालावर पाणी शिंपडलं. काही नाही. नाकाशी हात धरला. श्वास येत होता, पण असा की एक आल्यावर दुसरा येतो की नाही याची वाट बघावी लागत होती.

आता सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आक्का दुपारी झोपेची अर्धी गोळी घ्यायच्या. तासाभरानं जाग आली की उजव्या हातानं पलंगाच्या दांडीवर वाटी आपटून मला बोलवायच्या. पाहुणे बसलेले असताना ती वाटी वाजू नये म्हणून मी त्या दिवशी गोळी मोडलीच नव्हती. पूर्ण दिली होती.

मी खिडकीचे गज धरून ओरडायला लागले. "सर! कुरुंदवाडे सर!" मास्तरांना कमी ऐकू यायचं. तीच वाटी घेऊन मी गजांवर बडवत सुटले. मधेच थांबून आक्कांजवळ यायची, नाकाशी हात धरायची, परत खिडकीशी जायची. मनात दोनच गोष्टी होत्या. आक्का मरू नयेत. आणि कुणी यायच्या आत ही साडी अंगावरून उतरावी. पण माझी सगळी लुगडी दुसऱ्या खोलीत होती.

वीस-पंचवीस मिनिटांनी मास्तर कुंपणाशी आले. मागच्या दारानं आत येऊन त्यांनी कडी काढली. माझ्याकडं पाहून त्यांच्या हातातली काठीच पडली.

"डॉक्टर बोलवा सर. आरवाडे डॉक्टर. इथला फोन तोडलाय, तुमच्या घरून करा. लवकर!"

आरवाडे डॉक्टर आले. त्यांनी आक्कांच्या पापण्या वर करून बॅटरी मारली, नाडी धरली, पायाच्या तळव्यावर चावी ओढून बोटं हलतात का बघितलं.

"दुसरा झटका दिसतोय," ते मास्तरांना म्हणाले. "भीतीनं आला असणार. यांनी बघितलं का चोरांना?"

"बघितलं असेल हो," मास्तर म्हणाले. "पोरीलाही मारलंय बघा."

डॉक्टर माझ्याकडं वळले. "औषधं रोजचीच दिली होतीस ना? दुपारची अर्धी गोळी?"

मी होय म्हणाले असते तर गोष्ट तिथंच मिटत होती. चोर आले, त्यांनी पोरीला मारलं, म्हातारीला झटका आला. माझ्या कानातून रक्त येत होतं, मला कुणी दोष दिला नसता. साडीचंही काहीतरी सांगता आलं असतं. मला खोटं बोलायची किती सवय झाली होती! शब्द तोंडात तयारच होते. आणि पलंगावर आक्कांचा श्वास थांबला, मग खूप वेळानं परत आला.

"पूर्ण दिली," मी म्हणाले.

"काय?"

"पूर्ण गोळी दिली. दीड वाजता."

"का?"

मास्तर, डॉक्टर, दोघं माझ्याकडं बघत होते.

"पाहुणे येणार होते," मी म्हणाले.

डॉक्टर पलंगाकडं वळले. आक्कांना कुशीवर वळवलं, गाडीत घातलं, दवाखान्यात नेलं. रात्रभर नळ्या लावल्या. त्यांनी नंतर वहिनींना सांगितलं की झटका समजून उपचार केले असते तर बाई हाती लागल्या नसत्या. आक्का दुसऱ्या दिवशी दुपारी शुद्धीवर आल्या.

तोवर मी चौकीवर बसून फौजदार खाड्यांना सगळं सांगितलं होतं. त्यांनी ते लिहून घेतलं, मग पुन्हा पहिल्यापासून विचारलं, मग पुन्हा. आत आणखी कोण सामील आहे, असं विचारत राहिले. मीच सामील आहे असं त्यांना दोन दिवस वाटत होतं. तिसऱ्या दिवशी बाप आला. त्यानं मला एकच विचारलं, "चोरी केलीस का?" मी नाही म्हणाले. तो बाहेर जाऊन पायरीवर बसला आणि मला सोडेपर्यंत हलला नाही.

वहिनींनी मला घरात घेतलं नाही. ट्रंक फाटकाशी आणून ठेवली होती. "आमच्याकडं काय कमी होतं तुला?" एवढंच म्हणाल्या आणि रडायला लागल्या. मी आक्कांना भेटू का, असं विचारलं. त्यांनी मान हलवली नाही, पण दारातून बाजूला झाल्या. आक्कांच्या डाव्या हाताला पट्टी होती. मी पायांवर डोकं ठेवलं. उठताना त्यांनी उजव्या हातानं माझं मनगट धरलं आणि सोडेनात. नखं रुतली. चेहऱ्यावर काही वाचता येत नव्हतं. वहिनींनी येऊन ती बोटं एकेक करून सोडवली.

तीन आठवड्यांनी दोघं निपाणीत सापडले. पाटल्या विकताना. खाडे फौजदारांनी मला बोलावून घेतलं.

"ओळख परेड आहे उद्या, जेलात. दोघांना ओळखायचं." मग कागद चाळत म्हणाले, "तो पोरगा म्हणतो, मला लग्नच करायचं होतं. गल्लीतल्या शामरावाजवळ बंगल्याच्या बढाया मारल्या, त्यानं ह्यात ओढलं, दम दिला. मेहुणा बिहुणा कोण नाही त्याचा. पोरग्याच्या नावावर आजवर साधी मारामारी नाही."

"खरं बोलतोय का तो?"

"ते मी कसं सांगू बाई? तुझी त्याची ओळख." त्यांनी फाइल मिटली. "पाटल्या शामरावाकडं मिळाल्या. पोरग्याविरुद्ध म्हणशील तर तूच आहेस. म्हातारीला बोलता येत नाही."

त्या रात्री मी मिरजेला सिस्टरच्या खोलीवर होते. झोप लागली नाही. 'चार म्हैनं घालवलंस' असं तो माणूस म्हणाला होता, म्हणजे पहिल्यापासूनच ठरलेलं होतं. पण सुरी म्हटल्यावर जयवंतचा आवाज चिरकला होता. आणि कान लाल होणं, ते कुणाला ठरवून करता येतं का? मी बंगला दाखवला नसता तर तो आजही पाकिटावर 'सकाळी', 'दुपारी' लिहीत बसला असता, असंही वाटे. मग आक्कांच्या अंगठ्याशी फेसात उतरलेलं रक्त दिसायचं.

जेलच्या अंगणात दहा माणसं ओळीनं उभी होती. सगळ्यांचे कपडे सारखे मळके. टेबलामागं तहसीलदार आणि त्यांचा कारकून. तहसीलदार म्हणाले, "घाबरू नका. ओळखीचा दिसला तर खांद्याला हात लावायचा. बोलायचं नाही काही."

घाबरू नका! बाप बाहेर रस्त्यावर उभा होता आणि मध्ये लोखंडी दार होतं. मी ओळीच्या एका टोकाकडून चालायला लागले. चौथा शामराव. त्यानं माझ्या डोळ्यांत डोळे घातले. मी हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला.

आठवा जयवंत होता. दाढी वाढलेली, केस बारीक कापलेले. खाली बघत होता. मी त्याच्यासमोरून पुढं गेले. नववा, दहावा. ओळ संपली.

"आणखी कोणी?" तहसीलदारांनी विचारलं.

मी मान वळवली. जयवंतनं वर पाहिलं होतं. डोळे भरलेले होते आणि ओठ हलत होते, आवाज न करता. काय म्हणत होता? माफ कर म्हणत होता, की सोड म्हणत होता? मला ते कधीच कळलं नाही. मी परत फिरले. तीन पावलं. त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो खांदा लटलट कापत होता, आणि माझा हातही.

"हा," मी म्हणाले.

"बोलू नका," तहसीलदार म्हणाले. मग टेबलाकडं बोलावलं. ओळ तशीच उभी होती. कारकुनानं कागद पुढं ओढला.

"पूर्ण नाव?"

"शालन सदाशिव कोळेकर."

"धंदा काय करता?"

माझ्या पाठीवर दहा जणांचे डोळे होते. त्यातले दोन मला जाणवत होते.

"आजारी माणसांचं करते. उचलणं, पुसणं, औषध देणं. आया आहे."

कारकुनानं लिहिलं. मी वाकून पाहिलं. 'मोलकरीण' लिहिलं होतं.

"तसं नको," मी म्हणाले. "आया लिहा."

त्यानं तहसीलदारांकडं पाहिलं. तहसीलदारांनी मान हलवली. त्यानं तो शब्द खोडला, वर दुसरा लिहिला आणि कागद माझ्याकडं वळवला. सहीच्या जागेवर बोट ठेवून म्हणाला, "अंगठा?"

"सही," मी म्हणाले, आणि हात थांबेपर्यंत पेन धरून उभी राहिले.